हुकमावरची सही

ज्या घरात दीर्घ आजार पाहुणा म्हणून येतो आणि घरचाच होऊन राहतो, त्या घरी समाचारास गेलेल्या माणसाने बोलावे काय, हा प्रश्न आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. कारण ओसरीवर नीट टेकण्यापूर्वीच 'यात प्रभूचा काही हेतू असेल' हे वाक्य आमच्यापैकी कोणाच्याही मुखातून इतक्या सहजतेने बाहेर पडते की, आपण विश्वाच्या नियंत्याच्या मनातील गोष्टीविषयी विधान केले आहे याची जाणीव बोलणारास होत नाही, आणि ऐकणाराही बहुधा मान हलवून चहाचे आधण ठेवावयास उठतो. मीही हे वाक्य पुष्कळदा उच्चारलेले आहे. त्या शनिवारी मात्र ते शिरस्तेदारांनी उच्चारले, आणि मास्तर चहा ठेवावयास उठले नाहीत.

मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी आणि शास्त्रपाठ शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शन बसली म्हणजे नेवासे-शेवगावकडच्या खेड्यांत हिंडावे, तेथल्या मंडळ्यांतील ज्या प्रौढ बायापुरुषांस अक्षरओळख नाही त्यांस निदान शुभवर्तमान स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल इतके शिकवावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा बेत. त्यासाठी मोठ्या अक्षरांचे तक्ते त्यांनी स्वहस्ते काढून ठेवले होते आणि एक जुनी सायकलही दुरुस्त करून घेतली होती. निवृत्तीनंतर पाचव्या महिन्यात मास्तरीणबाईंस अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग गेले, वाचाही बरीचशी गेली, आणि तेव्हापासून, म्हणजे आज चौथे वर्ष, मास्तरांचा सारा मुलूख दोन खोल्या, एक न्हाणी आणि मागचे अंगण एवढाच उरला आहे. तक्ते माळ्यावर आहेत. सायकल विकली.

शिरस्तेदार दिवाणी कोर्टातून निवृत्त झालेले, मंडळीतील वडील, आणि वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगतो, मनाचे कोवळे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची पत्नी निवर्तली तेव्हापासून एकही शनिवार त्यांनी कोणा ना कोणा आजाऱ्याच्या घरी गेल्यावाचून घालविलेला नाही. ते वाक्य त्यांनी निष्काळजीपणाने उच्चारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी ते स्वतःच्या घरी, स्वतःसाठी, पुष्कळ वेळा म्हणून पाहिलेले होते.

"कोणता?" मास्तर म्हणाले.

शिरस्तेदारांस प्रश्न उमगला नाही. "काय कोणता?"

"हेतू. काही हेतू असेल म्हणालात. तो कोणता असेल, एवढेच विचारतो. तुमच्या शेजारच्या फौजदारी कोर्टात हेतू शोधतात तो आरोपीचा, हे तुम्हांस ठाऊकच आहे."

येथे मी मध्येच थांबून सांगतो की, मास्तरांचा हा टोला केवळ शब्दच्छल नव्हता. आमच्या शास्त्राच्या भाषांतरांत 'संकल्प' असा भारदस्त शब्द आढळतो, आणि संकल्प म्हटले म्हणजे हातावर पाणी सोडून एखादे शुभकार्य आरंभिल्यासारखे वाटते. पण रोजच्या बोलण्यात आम्ही त्याचा 'हेतू' करून टाकला, आणि हेतू या शब्दाला मराठीत संशयाचा एक वास नेहमीच चिकटलेला असतो. 'तो हेतुपुरस्सर आला होता' असे म्हटल्यावर येणाऱ्याविषयी आपले मत चांगले होत नाही.

शिरस्तेदार रागावले नाहीत. उपरणे सावरून, साक्षीदारास धीर द्यावा तशा स्वरात ते म्हणाले, "मास्तर, चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. संगमनेर झाले, राहुरी झाली, पारनेर दोनदा झाले. त्या नवांपैकी एकाही हुकमात बदलीचे कारण लिहिलेले मी पाहिले नाही. अमक्याने अमक्या तारखेस अमक्या ठिकाणी रुजू व्हावे, एवढाच मजकूर. कारण असते, नाही असे नव्हे. पण ते हुजुरांच्या दप्तरी असते, आणि कारकुनाने ते दप्तर उघडू म्हणू नये. कारकुनाचे काम असे की, नव्या ठिकाणी जावे, ताबा घ्यावा, यादीबरहुकूम एकेक जिन्नस मोजावा आणि खाली सही करावी. पारनेरला दुसऱ्यांदा पाठविले तेव्हा सहा महिने मी कारण शोधण्यात घालविले आणि त्या सहा महिन्यांत दप्तराची जी दुर्दशा झाली ती निस्तरावयास पुढे वर्ष लागले. तेव्हापासून शोध सोडला. प्रभूच्या चाकरीतही मला हाच शिरस्ता दिसतो. कारण कळणार नाही. पण ठिकाण कळते, आणि ठिकाण कळले म्हणजे काम कळते."

दृष्टांत नामी होता, आणि मी, जो नेहमीच शिरस्तेदारांच्या पक्षाचा, मनातल्या मनात त्यास मान डोलावून मोकळाही झालो होतो. मास्तरांनी मात्र तो, मुलाच्या वहीतले गणित तपासावे तसा, शेवटच्या पायरीपासून उलटा तपासावयास घेतला.

"कचेरीत टपालाने आलेला प्रत्येक कागद हुजुरांचाच आहे असे तुम्ही धरून चालत होता काय?"

"छे! शिक्का पाहावा लागे, सही पडताळावी लागे. बनावट कागद ओळखणे हे तर शिरस्तेदाराचे अर्धे काम."

"मग माझ्या घरी आलेल्या या कागदावरची सही तुम्ही केव्हा पडताळली?"

ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आतल्या खोलीतून मास्तरीणबाईंच्या श्वासाचा, झोप आणि जागेपण यांच्या सीमेवरचा, जड आवाज येत होता, आणि मास्तरांचे अर्धे लक्ष, आमच्याशी वाद करीत असतानाही, त्या आवाजाकडे होते.

शिरस्तेदारांनी मग, निष्णात वकिलाप्रमाणे, कायद्याचा मुद्दा सोडून पुराव्याकडे मोर्चा वळविला. आणि मराठी ख्रिस्ती माणसास असा पुरावा द्यावयाचा झाला म्हणजे तो जेथे जातो तेथेच ते गेले. म्हणजे केडगावला, आमच्या नगरच्या वेशीबाहेरचे केडगाव नव्हे, दौंडच्या वाटेवरचे, पंडिता रमाबाईंच्या संस्थेचे. १८५८ साली जन्मलेली ही बाई. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने अन्नान्न करून गेली. ज्या भावाबरोबर पायी सारा देश तुडवीत ती कलकत्त्यास पोहोचली, तो भाऊ गेला. लग्न झाले आणि दोन वर्षे होण्याच्या आतच, १८८२ साली, पटकीने नवरा गेला. पदरी तान्ही मुलगी. वैद्यक शिकून आपल्या देशभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून १८८३ साली ती इंग्लंडास गेली, तेथे वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला, आणि जे शिकावयास ती समुद्र ओलांडून गेली होती ते वैद्यक तिला घेता आले नाही, कारण तिचे कान तिला दगा देऊ लागले होते.

"आता पाहा," शिरस्तेदार म्हणाले, "त्या दिवशी कोणी तिच्याजवळ बसून हिशेब मांडला असता, तर तो कसा मांडला असता? आईबाप गेले, भाऊ गेला, नवरा गेला, धर्म बदलला म्हणून आपली माणसे तुटली, आणि आता विद्याही गेली. पण वैद्यक गेले म्हणून शिक्षण आले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात ती राहिली, तेथे शिकली आणि संस्कृत शिकविले. तेथून १८८६ साली अमेरिकेत गेली, तिकडच्या लोकांनी मदतीचे वचन दिले, आणि १८८९ साली मुंबईस शारदा सदन निघाले. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा मध्यप्रांतात जाऊन जिने उपाशी मुलींस गाडीत घालून आणले, तिला उपास म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. ती डॉक्टरीण झाली असती तर उत्तम डॉक्टरीण झाली असती. केडगाव झाले नसते."

हे बोलताना शिरस्तेदारांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटते, यापुढे वाद संपावा अशीच त्यांची अपेक्षा होती. कारण रमाबाईंचे नाव घेतल्यावर आमच्याकडे वाद संपतोच.

"रमाबाईंविषयी मला तुमच्याइतकाच आदर आहे," मास्तर म्हणाले, "आणि म्हणूनच तिच्या आईचा मृत्यू केडगावच्या पायाचा दगड म्हणून वापरलेला मला पाहवत नाही. त्या माउलीने मुलीला जंगलात संस्कृत शिकविले आणि उपाशी पोटी प्राण सोडला. तुमच्या मांडणीत ती, पुढे निघावयाच्या एका संस्थेची, खर्चाची बाब झाली. मध्यप्रांतातून ज्या मुली आल्या त्या वाचल्या, देवाची स्तुती असो. पण ज्या त्या गाडीपर्यंत पोहोचल्या नाहीत, ज्यांना रस्त्यातच गिधाडांनी गाठले, त्यांच्या वाट्याचा हेतू कोणत्या दप्तरात लावणार? आणि तुम्ही गोष्ट थांबविलीत ती सोयीच्या ठिकाणी. मनोरमा, तीच तान्ही मुलगी, मोठी होऊन आईचा उजवा हात झाली, पुढे सारे तिनेच चालवावयाचे असे ठरल्यासारखे होते. ती १९२१ साली आईच्या आधी गेली. आई त्यानंतर वर्षभरही जगली नाही. या दोन प्रकरणांचे शीर्षक काय द्याल? शेवट ठाऊक असलेल्या माणसाला मधल्या पानांत हेतू दिसतो, शिरस्तेदार. मी मधल्या पानात आहे."

"मग रमाबाईंनी स्वतः देवाचा हात पाहिला तो खोटा?"

"त्यांनी पाहिला. तो त्यांचा अधिकार. योसेफानेही पाहिला. सतराव्या वर्षी विकला गेला, तिसाव्या वर्षी फारोपुढे उभा राहिला. मधल्या तेरा वर्षांत त्याने हेतूविषयी एक अवाक्षर काढल्याचे उत्पत्तीत लिहिलेले नाही, उलट प्यालेबरदाराला म्हणाला, बाबा, माझी आठवण ठेव आणि मला या घरातून सोडव. पुढे बाप वारल्यावर भाऊ थरथरत पाया पडावयास आले, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही वाईट योजिले पण देवाने त्यातून बरे योजिले. आता कल्पना करा, हेच वाक्य भावांपैकी एकाने, खड्ड्याच्या काठावर उभे राहून, आत पडलेल्या योसेफास ऐकविले असते, तर?"

हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस पुरला. माझे स्वतःचे मत विचाराल तर त्या संध्याकाळी जे काही खऱ्या अर्थाने उलगडले ते या एका प्रश्नाने: तेच वाक्य, त्याच शब्दांत, खड्ड्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडी क्षमा होते आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी कबुलीजबाब. आमच्या समाचाराच्या बैठकींत आम्ही बहुतेक काठावरचे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' इतकी जिवंत का वाटतात याचेही एक कारण मला त्या दिवशी सापडले. १८९५ साली पती टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर या बाईने जे सोसले ते सोसताना आपल्याला असे वाटले, असे रडू आले, अशी फजिती झाली, एवढेच ती सांगत जाते, आणि प्रत्येक दुःखाची स्वर्गातून पावती घेऊन ती वाचकापुढे टाकण्याची घाई करीत नाही. पण हे विषयांतर झाले.

शिरस्तेदार थोडे मागे सरले होते, पण हरले नव्हते. भिंतीवर दिनदर्शिका होती, मंडळीने वाटलेली, आणि तिच्यावर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, देवाच्या मनात आपल्याविषयी अनिष्टाचे नव्हे तर हिताचे संकल्प आहेत या अर्थाचे, ते सर्वांच्या परिचयाचे वचन छापलेले होते. त्यांनी तिकडे बोट केले.

"ते मी रोज पाहतो," मास्तर म्हणाले. "त्याच्या आधीचे वाक्य छापावयास जागा पुरली नसावी. बाबेलात सत्तर वर्षे भरल्यावर, असे त्यात आहे. ज्यांना ते पत्र आले त्यांच्यातले बहुतेक बाबेलच्याच मातीत जाणार होते. हिताचा संकल्प खरा. पण तो नातवंडांच्या नावे काढलेला."

"बरोबर!" शिरस्तेदार एकदम पुढे झुकले, आणि कित्येक वर्षांनी एखादा हरवलेला कागद हाती लागावा तसा त्यांचा चेहरा झाला. "तेच पत्र आपण पुरे वाचू. तुम्ही सहीचे विचारत होता ना? त्यात सही आहे. यरुशलेमेहून ज्यांना मी बंदिवान करून नेविले, असे परमेश्वर स्वतः म्हणतो. नबुखद्नेस्सराचे नाव पुढे करून अंग काढून घेत नाही. पण सही केल्यावर मजकूर काय लिहितो? घरे बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचे फळ खा. मुलाबाळांची लग्ने करा. ज्या नगरात आहा त्याचे हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. ही माझी ताब्याची यादी, मास्तर! मी हेतू हेतू म्हणतो तो हाच. का आणले याचा नव्हे; आणल्यावर काय करावयाचे याचा."

मास्तर गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे मला मान्य होण्यासारखे आहे. पण त्या पत्रामागे संदेष्टा होता. आणि दुसराही एक संदेष्टा होता, हनन्या. त्यानेही 'परमेश्वर म्हणतो' हाच शिक्का उठविला आणि दोन वर्षांत सर्व परत येतील असे मंदिरात भर लोकांदेखत सांगितले. लोकांना हनन्याच आवडला असणार. यिर्मया तर त्यावर आधी 'आमेन, असेच होवो' म्हणाला. दोन कागद, एकच शिक्का, आणि त्यांतला एक बनावट. माझ्याकडे चार वर्षांत हनन्या पुष्कळ आले. कोणी सांगितले, उपास करा, उठून चालू लागतील. कोणी म्हणाले, या दुःखातून देव तुम्हांकडून एक मोठे पुस्तक लिहून घेणार आहे. तुम्ही त्यांच्यातले नाही, हे मला कळते. पण तुमचेही वाक्य त्यांच्याच वाक्यासारखे कानावर पडते, त्याला मी काय करू?"

"पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांस लिहितो की, माझी बंधने सुवार्तेच्या वाढीस कारण झाली."

"लिहितो. कैसराच्या वाड्यातल्या लोकांचे सलामही कळवितो. मोठे गोड पत्र आहे. पण दुसऱ्या एका तुरुंगाविषयी बोलू. कैसरियात दोन वर्षे पौल अटकेत होता. का, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या ओळखीचे कारण आहे."

शिरस्तेदार हसू लागले. कोर्टात जन्म घालविलेल्या माणसाला ते स्थळ विसरणे शक्य नव्हते. "फेलिक्साला लाच हवी होती."

"पौलाकडून पैसे मिळतील या आशेने तो त्यास वारंवार बोलावून संभाषण करी, पैसे मिळाले नाहीत, आणि बदली झाली तेव्हा यहूद्यांची मर्जी राखावी म्हणून तसाच कैदेत टाकून गेला. खटला तहकूब, आरोपी अटकेत, दोन वर्षे. लूक हे कारण लिहितो आणि पुढे जातो. यात देवाचा हेतू अमुक होता असे तो म्हणत नाही. त्या दोन वर्षांत पौलाने काय केले, कोणाचे हृदयपरिवर्तन झाले, कोणते पत्र लिहिले, याचीही ओळ नाही. शास्त्राने जेथे कारण म्हणून 'लाच' एवढेच लिहून पान उलटले, तेथे मी माझ्या समासात 'हेतू' लिहू काय?"

यावर शिरस्तेदार बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर अंधार पडू लागला होता. शेवटी ते म्हणाले, "पारनेरच्या दुसऱ्या बदलीचे कारण मला पुढे कळले होते, मास्तर. वरच्या कारकुनाच्या मेहुण्याला नगरची जागा हवी होती. हुजुरांनी कागद वाचलाही नव्हता." मग जरा थांबून, "सही मात्र खरी होती."

"आणि पारनेरला काय केलेत?"

"सांगितले ना. सहा महिने काही नाही. नंतर दप्तर लावले."

दोघेही हसले. आम्ही निघण्याच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी रविवार. मध्यस्थीच्या प्रार्थनेत ज्यांची नावे घ्यावयाची त्यांच्या चिठ्ठ्या शिरस्तेदार गोळा करून पाळकांकडे देत, आणि मास्तरीणबाईंची चिठ्ठी गेली तीन वर्षे तेच स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहीत. त्यांनी खिशातून कागद काढून गुडघ्यावर धरला आणि सवयीने लिहिले: 'प्रभूने या परिस्थितीतील आपला हेतू प्रकट करावा.' मास्तरांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, आणि ती ओळ, विद्यार्थ्याच्या निबंधातली अलंकारिक ओळ खोडावी तशी, एका रेघेने खोडली.

"मग काय मागू?"

"झोप. तिला रात्री दोनपासून पहाटेपर्यंत झोप नसते. तिला नाही म्हणून मलाही नाही."

शिरस्तेदारांनी लिहिले. "आणखी?"

मास्तर घुटमळले. माणूस देवाजवळ काय मागावयाचे ते दहा लोकांपुढे सांगताना घुटमळतो तसे नव्हे. शेजाऱ्याजवळ काय मागावे याची लाज वाटते, तसे. "पेन्शन आणावयास, औषधाला, मला बाहेर जावे लागते तेव्हा तिला कुलपात ठेवून जावे लागते. ती घाबरते. मंडळीतील कोणी तरी आठवड्यातून एक दुपार येऊन बसावे, असे कोणाच्या तरी मनात प्रभूने घालावे."

शिरस्तेदारांनी शब्द न् शब्द लिहून घेतला: 'आठवड्यातून एक दुपार, मंडळीतील कोणी तरी.' लिहून झाल्यावर, मसुदा वरिष्ठांकडे पाठविण्यापूर्वी वाचून पाहावा तसा त्यांनी तो एकदा मनाशी वाचला, आणि त्यांची भिवई चढली.

"हे प्रार्थनेत कशाला घालता?" ते थोड्या रागानेच म्हणाले. "बुधवारी मी येतो."

आणि तीही ओळ त्यांनी खोडली.